वसई किल्ल्यातील संत जोसेफ चर्च : मेणवलीच्या घंटेपासून मनोऱ्यापर्यंत

सातारा जिल्ह्यात वाईपासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव वसलेले आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा, त्यामागील चिरेबंदी घाट आणि घाटावरील मेणेश्वराचे मंदिर पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. 'स्वदेस' या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण याच घाटावर झाल्यापासून ही वर्दळ अधिकच वाढली आहे. मंदिराशेजारी एका छोट्या दगडी घुमटीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिले असता तिच्या अंगावर बाल येशूला कडेवर घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती दिसते आणि १७०७ हे वर्ष वाचता येते. ही घंटा वसईच्या चर्चमधून मराठ्यांनी विजयाचे चिन्ह म्हणून आणली, असे तेथील लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मग्रामातील मुलांना घेऊन मेणवलीला गेलो होतो. घंटेवरील मरियामातेची आकृती पाहून मुलांना प्रथम आश्चर्य वाटले, मग आनंद झाला. त्यातील एका मुलाने आम्हांला विचारले, "फादर, ही घंटा आपली की त्यांची?" प्रश्न साधा होता. आम्ही मात्र त्या वेळी वेळ मारून नेली. मुले घाटावर खेळायला पळाली आणि प्रश्न आमच्यापाशीच राहिला. या लेखात आम्ही त्या घंटेच्या मूळ घराची, म्हणजे वसईच्या किल्ल्यातील चर्चची, त्यातही तेथील मुख्य चर्च असलेल्या संत जोसेफ चर्चची माहिती देणार आहोत. मेणवलीच्या घाटाखालून वाहणारी कृष्णा संगम माहुली, कऱ्हाड असा प्रवास करीत सांगलीस पोहोचते. तेव्हा सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील भाविकांना ही कथा परकी वाटू नये.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. चौल, वसई, दमण, दीव या पट्ट्यावरील त्यांच्या ठाण्यांचा कारभार येथून चाले. गोव्याच्या खालोखाल वैभव याच शहराचे होते. येथे राहणाऱ्या सरदार घराण्यांचा थाट पाहून पोर्तुगीज लोक या नगरीचा उल्लेख 'दों बसैं' असा, जणू एखाद्या खानदानी गृहस्थाचे नाव घ्यावे तसा, करीत असत.

संत जोसेफ चर्चचा आरंभ एका पत्रापासून होतो. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने मार्च १५४६ मध्ये गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रू यास लिहिलेल्या पत्रात वसई येथे संत जोसेफच्या नावाने चर्च बांधावे अशी आज्ञा केली. हे सांगताना दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. याच पत्रात राजाने आपल्या मुलखातील मूर्तिपूजा बंद पाडण्याचे हुकूमही दिले होते. आमच्या काही जुन्या पुस्तिकांत पहिली आज्ञा तेवढी सांगितली जाते. आम्हांस ते योग्य वाटत नाही. ज्या कागदावर आपल्या चर्चचा जन्म लिहिला गेला, त्याच कागदावर शेजाऱ्याच्या देवळाविरुद्धही लिहिलेले होते, हे ठाऊक असलेला मनुष्य मेणवलीच्या घंटेकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागतो.

या चर्चला पोर्तुगीज भाषेत 'मात्रीझ' म्हणत. मात्रीझ म्हणजे मातृचर्च, गावातील मुख्य धर्मग्रामीय चर्च. आज अनेक जण त्याला कॅथेड्रल म्हणतात आणि ते बोलण्यात रूढही झाले आहे. तथापि त्या काळी वसईला बिशपांचे आसन नव्हते. येथील धर्मकारभार गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारात होता. वसईला स्वतंत्र धर्मप्रांताचा मान मिळाला तो २२ मे १९९८ रोजी, आणि त्याचे कॅथेड्रल किल्ल्यात नसून पापडी येथील कृपामाता चर्च आहे. योगायोगाची गोष्ट अशी की त्या नव्या धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचीच पुढे २००९ मध्ये पुणे धर्मप्रांताचे बिशप म्हणून नेमणूक झाली.

आज आपण जे अवशेष पाहतो ते मुख्यत्वे १६०१ च्या पुनर्बांधणीचे आहेत. प्रवेशद्वारावरील शिलालेखात तसे नमूद आहे. आर्चबिशप दों फ्रै आलैशू द मेनेझिश आणि धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू पेद्रू गाल्वांव पेरैरा यांच्या कारकिर्दीत या चर्चची नव्याने उभारणी झाली, असा त्याचा आशय आहे. हे मेनेझिश ऑगस्टिनियन संघाचे. केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात ज्या उदयंपेरूर धर्मसभेविषयी आजही कडवटपणाने बोलले जाते, ती त्यांनीच १५९९ मध्ये भरविली होती. वसईच्या दारावरील शिलालेख त्यानंतर अवघ्या दोन वर्षांचा.

चर्चची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक मोठ्या चर्चना दर्शनी बाजूस डावीकडे व उजवीकडे असे दोन मनोरे असतात. येथे मात्र एकच मनोरा आहे आणि तोही थेट दर्शनी भागाच्या मधोमध. भाविक मनोऱ्याच्या पोटातूनच चर्चमध्ये प्रवेश करीत. आत गेले की लांबच लांब सभागृह आणि टोकाला वेदीची जागा. भिंतींतील कमानी व कोनाडे शाबूत आहेत. छप्पर नाही. ज्या ठिकाणी भाविक गुडघे टेकत तेथे आता गवत उगवते आणि वेदीवर थेट आभाळ दिसते. मनोऱ्याच्या भिंतीतून वर जाणारा अरुंद जिना आहे. घंटा वाजविणारा सेवक त्याच जिन्याने चढत असेल.

किल्ल्यात हे एकच चर्च नव्हते. फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सर्व प्रमुख धर्मसंघांची चर्च व मठ येथे होते. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चच्या जमिनीत कुलचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा अजून दिसतात. पोर्तुगीज घराण्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना ते एक उघडे दप्तरच वाटते. जेजुइटांच्या पवित्र नामाच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत देखणा आहे. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव या जेजुइट स्थानाशी जोडलेले आहे. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते व आई येथलीच. बालपणी ते जेजुइटांपाशी शिकले, पुढे जपानला गेले, व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद बहाल केले. संत जोसेफ चर्चच्या दारावरील शिलालेख कोरला गेला तेव्हा वसईच्या या सुपुत्राला हौतात्म्य येऊन चार वर्षे झाली होती.

वसईच्या दगडाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. येथील घडीव दगड दूरवर जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात केलेले आहे. म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक यात्रेकरू नकळत वसईच्या दगडासमोर उभा राहतो.

या शहराचा ऱ्हास १७३९ मध्ये एकाएकी झाला असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मे १६१८ मध्ये मोठ्या वादळाने शहराची वाताहत केली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर उतरून चर्च लुटली. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये येथे आला. त्याने रुंद, सरळ रस्ते पाहिले, त्याचप्रमाणे साथीच्या रोगाने ओस पडलेली वस्तीही पाहिली. मराठे तटाला भिडले तेव्हा आतील वैभव बरेचसे उतरणीला लागले होते.

त्या काळी मराठ्यांची राजधानी सातारा होती. आपल्या घंटेवरील १७०७ हे वर्ष याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. औरंगजेब त्याच वर्षी मरण पावला आणि शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. ती घंटा ओतली गेली तेव्हा जी सत्ता तिला एके दिवशी खाली उतरविणार होती, ती जेमतेम उभी राहत होती. पुढल्याच वर्षी सातारा येथे शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांचे पेशवे पहिले बाजीराव आणि बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी १७३७ मध्ये साष्टीची मोहीम उघडली. ठाणे त्याच वर्षी हाती आले. वसईचा वेढा फेब्रुवारी १७३९ मध्ये आवळला गेला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरून सेंट सेबॅस्टियन बुरूज उडविला. दोन्ही बाजूंची मोठी मनुष्यहानी झाली. अखेर मे १७३९ मध्ये किल्ल्यातील अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली.

शरणागतीच्या अटींकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. शिबंदीला हत्यारांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. ज्यांना जायचे होते त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जाता आले, आणि जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहू इच्छित होते त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. त्या शतकातील वेढ्यांचा शेवट पुष्कळदा कत्तलीने होत असे. हे ध्यानात घेतले तर चिमाजी आप्पांचे वर्तन उठून दिसते. विजयानंतर चर्चच्या घंटा मात्र उतरविण्यात आल्या आणि मराठी मुलखातील देवस्थानांना पोहोचल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकी एक. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटा आणि भीमाशंकरची घंटा याही वसईच्याच म्हणून प्रसिद्ध आहेत. फार मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला नाशिककडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. चर्चमधली घंटा मराठी भाषेत अशी कायमची शिरली, याची आम्हांस नेहमी गंमत वाटते.

आता चर्च कोसळली कशी, हा खरा प्रश्न आहे. आमच्या लहानपणी आम्हांला वाटे की मराठ्यांनी ती तोफांनी पाडली. वेढ्यात नुकसान झाले यात शंका नाही. पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड यानेही वसईला वेढा घालून तोफा डागल्या, म्हणजे भडिमार दोनदा झाला. परंतु मोठ्या इमारतीला मारण्यासाठी तोफांची गरज नसते. तिच्यात येणारी माणसे थांबली की पुरे होते. तटाच्या आतील शहर मुख्यत्वे पोर्तुगीज घराण्यांचे, अधिकाऱ्यांचे आणि धर्मसंघांचे होते. ते जहाजांत बसून निघून गेल्यावर संत जोसेफ चर्चला धर्मग्रामच उरला नाही. रविवारी दार उघडणारे कोणी नाही, पावसाळ्याआधी कौले चाळणारे कोणी नाही. कोकणातील पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगावयास नको. एक कौल सरकते, वासा भिजतो, कुजतो, आणि काही वर्षांत अख्खे छप्पर आत बसते. छप्पर गेले की भिंतींचा चुना पाणी पितो. फटीत पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते आणि त्याची मुळे चिरा चिऱ्यापासून वेगळा करतात. जाड दगडी बांधणीचा मनोरा यात टिकला, लाकडावर उभे असलेले सारे गेले.

याउलट तटाबाहेर काय घडले ते पाहावे. तेथे शेतकरी, बागायतदार, कोळी असे मूळचे येथलेच ख्रिस्ती लोक होते. त्यांना लिस्बनला जायचे नव्हते. ते येथेच राहिले. सत्ता बदलली, पोर्तुगीज धर्मगुरू गेले, तरी रमेदी, पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या परिसरात उपासना चालूच राहिली. पिढ्यानपिढ्या लोकांनी चर्च दुरुस्त केली, वाढविली, पुन्हा बांधली. घरांत सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली टिकल्या, स्तोत्रे मराठीत म्हटली गेली. याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. किल्ल्याला लागून असलेल्या किल्लाबंदर व पाचूबंदर येथील ख्रिस्ती कोळी बांधव आजही त्या भग्न तटाच्या कडेने आपल्या होड्यांकडे जातात. दगडी शहर संपले, गावे टिकली.

वसई १७८२ च्या सालबाईच्या तहाने पुन्हा मराठ्यांकडे आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला सुप्रसिद्ध तह येथलाच. पेशवाई बुडाल्यावर किल्ल्याला कोणतेच लष्करी महत्त्व उरले नाही. गोव्याकडील मूळचे डॉक्टर आणि इतिहासकार जेर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल व वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शिलालेख व थडगी एकेक करून नोंदविली आहेत. त्यानंतर १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही या चर्चचे सविस्तर वर्णन आले. झाडोऱ्यात बुडालेल्या या भिंती जपण्याजोग्या आहेत, हा विचार रुजण्यास या लेखनाचा मोठा हातभार लागला असे आमचे मत आहे.

सध्या किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. वसईसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात या दोन आकड्यांचे मोल फार मोठे आहे. जमिनीच्या भावांकडे पाहिले की हे ध्यानात येते. किल्ल्याच्या आवारात आज हनुमान, नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची मंदिरे आहेत, चिमाजी आप्पांचे स्मारकही आहे. सुट्टीच्या दिवशी इतिहासप्रेमी तरुण गवत काढतात, प्लास्टिक उचलतात. त्यांत सर्व धर्मांची मुले असतात. त्याच दिवशी लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपीही रांगेने उभी असतात. 'कोल्डप्ले' या इंग्लंडमधील वाद्यवृंदाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाण्याच्या चित्रफितीतही हा किल्ला दिसतो. छायाचित्रांना आमची हरकत नाही. संत जोसेफच्या भिंतीवर खिळ्याने आपले व प्रेयसीचे नाव कोरणाऱ्यांविषयी मात्र आम्हांस संताप येतो, आणि ती नावे सर्वच धर्मांची असतात हेही सांगून टाकतो.

एवढा भव्य मनोरा उभा आहे, तर छप्पर घालून तेथे पुन्हा नित्य मिस्सा का होऊ नये, असे अनेक भाविक विचारतात. ही भावना आम्हांस समजते. परंतु पुरातत्त्व खात्याचे धोरण असे आहे की वास्तू संरक्षणाखाली आली तेव्हा जेथे उपासना चालू नव्हती, तेथे ती नव्याने सुरू करू दिली जात नाही. हा नियम मंदिर, मशीद, चर्च सर्वांना सारखाच लागू आहे. आपण स्वतःसाठी अपवाद मागितला तर उद्या दुसरा कोणी दुसऱ्या वास्तूत मागेल आणि मग त्या मागण्यांना अंत राहणार नाही. शिवाय नवे छप्पर म्हणजे नवे लोखंड, सिमेंट, नवा गिलावा. १६०१ चे जे थोडे उरले आहे ते त्याखाली झाकले जाईल. पडझड थांबवावी, मुळे काढावीत, चुन्याने दर्जा भराव्यात, आणि याहून अधिक काही करू नये, असे आम्ही मानतो.

भग्न चर्च तशीच जपण्याची पद्धत जगात अन्यत्रही आहे. जर्मनीतील बर्लिन शहरात सम्राट विल्हेल्म स्मारक चर्च नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. नवे चर्च बांधताना जुना तुटका मनोरा पाडून टाकण्याचा वास्तुशिल्पज्ञाचा विचार होता. नागरिकांनी तो पाडू दिला नाही. आज तो शहराची खूण बनला आहे. आपल्याजवळचे उदाहरण जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिन मनोऱ्याचे आहे. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून घालविल्यावर ते चर्च ओस पडले. १८४२ मध्ये त्याची कमानदार घुमटी कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा पडला. त्या ढिगाऱ्यावर कोणी नवे बांधकाम केले नाही, म्हणूनच पुरातत्त्व खात्याला तेथे शांतपणे उत्खनन करता आले. तेथे सापडलेल्या अस्थींची हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्या १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे धर्मासाठी प्राण देणाऱ्या जॉर्जियाच्या राणी केटेवान यांच्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. भारत सरकारने २०२१ मध्ये त्या अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला सन्मानपूर्वक दिला. भग्नावशेषांच्या पोटात काय दडलेले असते ते आधी सांगता येत नाही. घाईने फरशी बसविणाऱ्यांना ते कधीच कळत नाही.

येथे आम्ही पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. "आपली की त्यांची?" बोरिवलीजवळ मंडपेश्वर नावाची प्राचीन शैव लेणी आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्या लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर केले आणि वर आपला मठ बांधला. आज लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते व मठाची भिंत भग्न उभी आहे. वसईहून घंटा देवळात गेली, तर त्याच मुलखात देऊळ आधी चर्च झाले होते. या दोन गोष्टी आम्ही एकमेकींविरुद्ध तराजूत टाकीत नाही. पण एक सांगायची आणि दुसरी गाळायची, हे आपल्या मुलांशी प्रामाणिक नव्हे. घंटा परत मागावी असे अधूनमधून कोणी बोलतो. आम्हांस तसे वाटत नाही. वसईतच राहिली असती तर त्या ओस मनोऱ्यातून ती कोणा भंगारवाल्याच्या भट्टीत गेली असती, हाच संभव अधिक. मेणवलीच्या लोकांनी तिला दगडी घुमटी दिली आणि तिच्यावरील मरियामातेची आकृती कोणी घासून काढली नाही. सातारच्या राज्यात आमचे पूर्वज प्रजा म्हणून नांदले. मराठी ही आमची मायबोली आणि चिमाजी आप्पांची मोहीम हा शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात आमच्याही मुलांचा धडा आहे. घंटा दोघांची आहे, असे त्या मुलाला तेव्हाच सांगायला हवे होते. आता तो पुण्यात महाविद्यालयात शिकतो. हा लेख त्याच्या वाचनात येईल अशी आशा आहे.

वसईला जाऊ इच्छिणाऱ्या भाविकांसाठी थोडी माहिती. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरून बस अथवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते. संत जोसेफ चर्च किल्ल्याच्या समुद्राकडील दरवाजाच्या बाजूला आहे आणि मध्यभागीच्या एकमेव मनोऱ्यामुळे ते चटकन ओळखू येते. दारातून आत जाण्यापूर्वी वर पाहावे, म्हणजे १६०१ चा शिलालेख दिसेल. सकाळी अथवा उतरत्या उन्हात अक्षरे अधिक स्पष्ट वाचता येतात. पावसाळ्यात शेवाळामुळे दगड निसरडे होतात, तेव्हा वृद्धांनी व लहान मुलांनी आतील ढिगाऱ्यांवर चढू नये. परतताना पापडीच्या कॅथेड्रलला भेट द्यावी. सातारा-सांगलीकडील मंडळींनी शक्य असल्यास आधी मेणवलीची घंटा पाहून मग वसईला जावे.